बोइंग ७३७-२००चं कॉकपिट वाचताना: सिम्युलेटरमधल्या सुया, त्यांचे उगम आणि त्यांच्या लबाड्या

नव्या विमानांच्या सिममधून थेट बोइंग ७३७-२००मध्ये येऊन बसलं की पॅनेलवर गर्दी दिसते. खरं तर यंत्रं तीच असतात, फक्त सुटी सुटी मांडलेली. एअरबस ए३२०च्या पडद्यावर वेग, उंची, कल आणि दिशा एकाच चौकटीत मिळतात, आणि मागचे संगणक त्या आकड्यांची आपापसात पडताळणी करत असतात. ७३७-२००मध्ये ती पडताळणी तुमच्या डोळ्यांनी करायची. प्रत्येक तबकडीमागे हवेची नळी, फिरता जायरो, रेडिओचा अँटेना किंवा इंजिनातला सेन्सर यांपैकी काहीतरी आहे. त्यामुळे प्रत्येक सुईबद्दल दोन गोष्टी पाठ हव्यात: ती कशावर चालते, आणि ती खोटं बोलत असेल तर साक्षीला कोणाला बोलवायचं.

७३७-२०० पहिल्यांदा उडालं १९६७ साली. पुढे इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात हे विमान कित्येक वर्षं राबलं, त्यामुळे मुंबईहून औरंगाबाद किंवा अहमदाबादला याच विमानातून जाणं सिममध्येही शोभून दिसतं. एक्स-प्लेनसाठी फ्लायजेसिमचं ७३७-२०० आहे. इतर सिममध्ये दुसऱ्यांची मॉडेल्स असतील. प्रत्येक विमान कंपनीने पॅनेल थोडं वेगळं मागवलेलं असायचं, म्हणून तुमच्या मॉडेलमध्ये एखादी तबकडी वेगळ्या जागी दिसली तर गोंधळू नका. खाली दिलेलं बरंचसं ७२७ आणि डीसी-९ला पण लागू पडतं, कारण इंजिन एकच: प्रॅट अँड व्हिटनीचं जेटी८डी.

उडण्याआधी एक काम उरकून घ्या. सिममध्ये पाच दृश्यं साठवून की-बोर्डच्या आकड्यांवर बसवा: कॅप्टनचं पॅनेल, मधली इंजिनांची उभी रांग, डोक्यावरचं पॅनेल, दोन खुर्च्यांमधलं पेडेस्टल, आणि शेजारी को-पायलटचं पॅनेल. शेवटचं बरेच जण गाळतात. तुमची सुई बिघडली तर पहिली साक्ष तिथेच मिळते.

हवेवर चालणाऱ्या सुया

वेग, उंची आणि चढ-उताराचा दर ही तीन यंत्रं हवेच्या दाबावर चालतात. पिटो नळी समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब घेते, आणि विमानाच्या बाजूला असलेली स्टॅटिक भोकं आजूबाजूच्या स्थिर हवेचा. अल्टिमीटर आणि चढ-उताराची सुई फक्त स्टॅटिकवर अवलंबून असतात. वेगाच्या तबकडीला दोन्ही लागतात, कारण ती या दोन दाबांतला फरक दाखवते. काही विमानांत हे दाब नळीतून थेट यंत्रात येतात, तर काहींत वाटेत एअर डेटा कॉम्प्युटर असतो. कॅप्टन आणि को-पायलट यांच्या नळ्या मात्र वेगळ्या असतात.

नळी बंद पडली तर काय दिसेल हे आधीच ठाऊक हवं. पिटो बर्फाने पूर्ण बंद झाली तर वेगाची सुई अल्टिमीटरसारखी वागू लागते. विमान वर जाईल तसा वेग वाढताना दिसतो, कारण नळीत जुना दाब अडकलेला असतो आणि बाहेरचा स्टॅटिक दाब कमी होत जातो. हे बघून पायलट नाक आणखी वर करतो आणि विमान स्टॉलच्या (पंखांची उचल संपण्याच्या) दिशेने जातं. स्टॅटिक बंद पडलं तर अल्टिमीटर जागच्या जागी थिजतो, चढ-उताराची सुई शून्यावर बसते, आणि वेग चढताना खऱ्यापेक्षा कमी तर उतरताना जास्त दिसतो. दोन्ही प्रसंगांत इलाज एकच: ठरावीक पिच (नाकाचा कोन) आणि ठरावीक थ्रस्ट (इंजिनांचा जोर) धरा, को-पायलटची तबकडी बघा, आणि डोक्यावरच्या पॅनेलवरचे पिटो हीटचे स्विच तपासा. सिममध्ये ‘वेग अचानक विचित्र झाला’ अशा बहुतेक तक्रारी त्या न लावलेल्या हीटवर येऊन थांबतात.

वेगाच्या तबकडीच्या कडेला सरकवता येणारे पांढरे बग (खुणेचे तुकडे) असतात. उड्डाणाआधी त्यांवर व्ही१ (इथपर्यंतच उड्डाण रद्द करता येतं), व्हीआर (नाक उचलण्याचा वेग), व्ही२ (उचलल्यावर सुरक्षित चढण्याचा वेग) आणि फ्लॅप आत घेण्याचे वेग बसवा. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वेगळी सुई कमाल वेग दाखवते: खाली ३५० नॉट्स, आणि वर गेल्यावर माक ०.८४च्या (ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पटीच्या) हिशेबाने घटत जाणारा. विमान उंच जाताना ही पट्टेरी सुई खाली सरकू लागली म्हणजे बिघाड झालेला नाही, तिने तसंच वागायचं असतं.

अल्टिमीटर वाचताना नवख्यांची सर्वांत जास्त फसगत होते. या तबकडीत हजाराचे आकडे एका छोट्या फिरत्या ड्रमवर येतात आणि शेकडे लांब सुईवर. विमान ९,९०० फुटांवर असताना ड्रम जवळजवळ दहावर आलेला असतो आणि सुई ९वर. घाईत बघणारा याला १०,९०० वाचतो. म्हणून आधी सुई बघा. ती शून्याच्या अलीकडे असेल, म्हणजे ८ किंवा ९वर, तर ड्रमवर वर येऊ पाहणारा आकडा अजून लागलेला नाही असं धरा. उतरताना ही सवय हजार फुटांची चूक वाचवते.

दाबाची खिडकी हाताने लावायची. काही सिममध्ये बी दाबलं की दाब आपोआप जुळतो. ती कळ विसरून जा, नाहीतर ही गोष्ट अंगवळणी पडणार नाही. पावसाळ्यात मुंबईचा दाब अनेकदा १००० ते १००५ हेक्टोपास्कलच्या दरम्यान असतो. वरून १०१३ लावून आलात आणि खाली तो १००३ करायला विसरलात तर १० हेक्टोपास्कलचा फरक राहतो, आणि दर हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट धरले तर तुम्ही तबकडीपेक्षा जवळपास ३०० फूट खाली असता. इथे साक्षीदार आहे रेडिओ अल्टिमीटर. तो जमिनीवर आदळून परत आलेल्या रेडिओ लहरीवर चालतो, हवेच्या दाबाशी त्याचा काही संबंध नाही. तो साधारण अडीच हजार फुटांखाली जिवंत होतो. मात्र तो पायाखालच्या जमिनीपासूनचं अंतर सांगतो, समुद्रसपाटीपासूनचं नव्हे, हे औरंगाबादसारख्या पठारावरच्या विमानतळाकडे उतरताना ध्यानात ठेवा.

क्षितिज दाखवणारी तबकडी

एडीआय म्हणजे कृत्रिम क्षितिज. त्यामागे व्हर्टिकल जायरो असतो, कॅप्टनसाठी एक आणि को-पायलटसाठी दुसरा. मध्ये तिसरं छोटं स्टँडबाय क्षितिज असतं, स्वतःच्या जायरोवर चालणारं. जायरो किंवा त्याची वीज गेली तर एडीआयवर लाल झेंडी येते. अडचण तेव्हा होते जेव्हा झेंडी येत नाही आणि क्षितिज मात्र अडकून बसतं.

१ जानेवारी १९७८ला एअर इंडियाचं ७४७ ‘एम्परर अशोका’ रात्री सांताक्रूझहून दुबईसाठी निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. त्यातले सर्व २१३ जण गेले. विमान उजवीकडे वळून सरळ झालं, पण कॅप्टनचं एडीआय उजव्या कलावर अडकून राहिलं. तो कल काढायला म्हणून विमान डावीकडे झुकवत नेलं गेलं. बाहेर अंधारा समुद्र होता, खरं क्षितिज दिसत नव्हतं. शेजारच्या तबकडीवर उलटी गोष्ट दिसत होती. ७४७चं कॉकपिटही याच पिढीचं.

म्हणून सिममध्ये ही तपासणी सवयीची करा: कल दिसला की नजर एचएसआयवर (दिशेच्या तबकडीवर) न्या. विमान खरंच उजवीकडे झुकलं असेल तर दिशेची चकती फिरत असेल. कल २५ अंश दिसतोय आणि दिशा बदलत नाही, तर एडीआयवर विश्वास ठेवू नका. मग स्टँडबाय क्षितिज आणि को-पायलटचं एडीआय बघा. तिघांपैकी दोन जे सांगतील ते खरं धरा. बिघडलेली बाजू ठरली की डोक्यावरच्या पॅनेलवर व्हर्टिकल जायरोचा बदलीचा स्विच असतो, त्याने दोन्ही एडीआय चांगल्या जायरोवर आणा. स्विच चुकीच्या बाजूला फिरवला तर दोन्ही तबकड्या एकसारखं खोटं सांगतील, म्हणून हात लावण्याआधी स्टँडबायची साक्ष घ्याच.

एडीआयवरच्या फ्लाइट डायरेक्टरच्या पट्ट्यांबद्दल एवढंच सांगतो: त्या तुम्ही निवडलेल्या मोडप्रमाणे ‘इकडे वळवा’ म्हणतात. मोड चुकीचा असेल तरीही त्या तितक्याच ठामपणे म्हणतात. शिकताना पहिले काही दिवस त्या बंद ठेवलेल्या बऱ्या.

दिशा आणि रेडिओ

एचएसआयमध्ये फिरती कंपास चकती, हेडिंगचा बग, कोर्सचा बाण आणि त्याच्या मध्यातून बाजूला सरकणारी विचलन पट्टी असते. व्हीओआर (जमिनीवरचं दिशा सांगणारं रेडिओ केंद्र) लावलेला असताना एक ठिपका म्हणजे ५ अंश, दोन ठिपके म्हणजे १०. तीच पट्टी आयएलएसवर (धावपट्टीवर उतरवणाऱ्या रेडिओ सिग्नलवर) कितीतरी जास्त संवेदनशील होते, दोन ठिपके म्हणजे फक्त अडीच अंशांच्या आसपास. व्हीओआरच्या हाताने आयएलएसमागे धावलात की विमान नागमोडी जातं. लोकलायझरवर (आयएलएसच्या डावी-उजवी सांगणाऱ्या भागावर) पट्टी हलली की ५ अंशांचीच दुरुस्ती करा आणि थांबून बघा.

कोर्सचा आकडा हातानेच टाकावा लागतो, आयएलएसलाही. धावपट्टी २७ला उतरताना कोर्सच्या खिडकीत ०९०च्या आसपासचा आकडा राहिला तर पट्टी उलटी वागते: उजवीकडे दिसते तेव्हा जायचं असतं डावीकडे. ‘माझं आयएलएस उलटं चालतं’ म्हणणाऱ्याने सर्वांत आधी ही खिडकी बघावी.

फ्रिक्वेन्सी लावल्यावर ओळख ऐकायची. मुंबईच्या व्हीओआरची ओळख बीबीबी आहे, म्हणजे मोर्समध्ये एक लांब आणि तीन आखूड टोले, तीनदा. टोले ऐकू आले नाहीत तर सुई कुठेही बोट दाखवो, ती वापरायची नाही. सिमच्या नव्या डेटामध्ये काही जुनी केंद्रं काढून टाकलेली असतात, म्हणून जुना नकाशा घेऊन उडणाऱ्यांना ही तपासणी जास्तच लागते.

आरएमआय ही एचएसआयची शेजारीण, आणि माझ्या मते या कॉकपिटमधली सर्वांत उपयोगी तबकडी. तिच्यावर काहीच लावावं लागत नाही. एकेरी सुई पहिल्या रेडिओची, दुहेरी सुई दुसऱ्याची, आणि खालच्या नॉबने ती व्हीओआर दाखवेल की एडीएफ (साध्या रेडिओ बीकनची दिशा) ते ठरतं. सुईचं टोक केंद्राकडे दाखवतं आणि शेपटी तुम्ही केंद्रातून निघणाऱ्या कोणत्या रेषेवर (रेडियलवर) आहात ते सांगते. बहुतेक बोइंगमध्ये कॅप्टनच्या आरएमआयची चकती दुसऱ्या बाजूच्या कंपासवर चालते. त्यामुळे कॅप्टनच्या एचएसआयचा आणि आरएमआयचा आकडा जुळला म्हणजे दोन स्वतंत्र कंपास एकमेकांशी सहमत आहेत. नाही जुळला तर मधला द्रवातला साधा कंपास तिसरा साक्षीदार.

डीएमई म्हणजे केंद्रापासूनचं अंतर सांगणारं यंत्र; त्याचं अंतर तिरकं मोजलेलं असतं. ३०,००० फुटांवरून केंद्राच्या बरोबर डोक्यावरून गेलात तरी ते साधारण ५ मैल दाखवेल. दूर असताना हा फरक नगण्य असतो. उतार कधी सुरू करायचा ते याच डीएमईवर ठरतं, कारण सांगायला एफएमसी (नव्या विमानांतला मार्ग आखणारा संगणक) नाही: उतरायची उंची हजारात घ्या, तिला ३ने गुणा, वेग कमी करण्यासाठी १० मैल मिळवा. ३३,००० फूट उतरायचे तर साधारण ११० मैलांवर थ्रॉटल मागे. ३ अंशांच्या ग्लाइडस्लोपवर (आयएलएसच्या उताराच्या रेषेवर) जमिनीच्या तुलनेतल्या वेगाला ५ने गुणलं की उताराचा दर मिळतो: १४० नॉट्सला मिनिटाला ७०० फूट. ग्लाइडस्लोपच्या सुईचा साक्षीदार हाच. सुई मध्यावर असूनही १,२०० फुटांचा दर लागत असेल तर तुम्ही भलत्याच सिग्नलवर असण्याची शक्यता आहे.

इंजिनांची उभी रांग

मधल्या पॅनेलवर दोन इंजिनांसाठी दोन उभे स्तंभ आहेत. वरून खाली: ईपीआर, एन१ (पंख्याचा वेग), ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान), एन२ (इंजिनाच्या आतल्या भागाचा वेग), फ्युएल फ्लो. तेलाचा दाब, तापमान आणि प्रमाण यांच्या छोट्या तबकड्या वेगळ्या. रांग आडवी वाचायची सवय लावा, म्हणजे एकाच प्रकारच्या दोन सुया एकमेकींशी. दोन्ही इंजिनांच्या सुया समांतर असायला हव्यात. वेगळ्या कोनात उभी असलेली सुई आकडा न वाचताही खटकते.

ईपीआर म्हणजे इंजिनाच्या मागच्या दाबाला पुढच्या दाबाने भागून आलेला आकडा. बंद इंजिनाला तो १च्या आसपास असतो, उड्डाणाला २च्या आसपास. या विमानात थ्रस्ट याच आकड्यावर लावतात. तापमान आणि दाबाच्या उंचीवरून तक्त्यातून कमाल ईपीआर काढायचा, नॉब फिरवून बग त्यावर बसवायचा, आणि थ्रॉटल तिथपर्यंत न्यायचे. बहुतेक ७३७-२००मध्ये ऑटोथ्रॉटल नाही, त्यामुळे संगणक तुम्हाला अडवणार नाही. थ्रॉटल पुढे ढकलून ठेवले तर इंजिन मर्यादेबाहेर जाईल आणि चांगल्या मॉडेलमध्ये खराबही होईल.

ईपीआरची कमजोर बाजू तिच्या व्याख्येतच आहे. पुढचा दाब घेणारी छोटी नळी बर्फाने बुजली तर भागाकार चुकतो आणि आकडा फुगतो. १३ जानेवारी १९८२ला वॉशिंग्टनमध्ये एअर फ्लोरिडाच्या ७३७-२००बरोबर हेच झालं. तबकडीवर २.०४ दिसत होतं, प्रत्यक्ष थ्रस्ट सुमारे १.७०चा होता. इंजिनाचं अँटी-आइस बंद होतं. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकलं, ७८ माणसं गेली. ईपीआर सोडून रांगेतल्या बाकी सुया, एन१, एन२, ईजीटी, फ्युएल फ्लो, सगळ्या कमीच दाखवत होत्या. ईपीआरचा साक्षीदार एन१ आहे. एन१ पंख्याचा वेग सरळ मोजतो, त्याला हवेच्या नळीची गरज नाही. उड्डाणाला ईपीआर बगवर आला की त्याच क्षणी एन१ बघायचा. नेहमीच्या आकड्यापेक्षा तो बराच कमी असेल तर थ्रॉटल मागे आणि ब्रेक.

म्हणून साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली ढग, पाऊस किंवा धुकं असेल तर इंजिन अँटी-आइस लावा. हवेत हे तापमान टीएटीच्या (आदळणाऱ्या हवेच्या एकूण तापमानाच्या) तबकडीवर बघायचं. टीएटी बाहेरच्या खऱ्या तापमानापेक्षा गरम असतं, कारण वेगाने आदळणारी हवा तापते: माक ०.७४ला, बाहेर उणे ४५ असताना, टीएटी साधारण उणे २० दाखवेल. अँटी-आइस लावलं की इंजिनातून हवा काढली जाते, म्हणून कमाल ईपीआरचा आकडाही थोडा खाली आणावा लागतो.

इंजिन सुरू करताना नजर अशी फिरू द्या. आधी पॅक (केबिनला हवा देणारी वातानुकूलन यंत्रं) बंद, मग हवेचा डक्ट दाब बघा. समुद्रसपाटीला निदान ३० पीएसआय (दाबाचं एकक) हवा, आणि दर हजार फुटांमागे अर्धा पीएसआय कमी चालतो. स्टार्ट स्विच ग्राउंडवर नेला की आधी एन२ हलतो, मग तेलाचा दाब, मग एन१. एन२ २० टक्क्यांवर आला आणि एन१ फिरताना दिसला की स्टार्ट लिव्हर आयडलला. फ्युएल फ्लो दिसतो, आणि २० सेकंदांच्या आत ईजीटी चढू लागायला हवा. नाही चढला तर लिव्हर कटऑफ. स्टार्टर साधारण ३५ ते ४० टक्क्यांच्या दरम्यान सुटतो. स्थिर झाल्यावर तेलाचा दाब ४० ते ५५ पीएसआय, एन२ ५५ ते ६०च्या घरात.

दोन बिघाड ओळखता आले पाहिजेत. हॉट स्टार्टमध्ये ईजीटी लाल रेषेकडे झपाट्याने पळतो. हंग स्टार्टमध्ये एन२ तिशी-चाळिशीत अडकतो आणि ईजीटी हळूहळू चढत राहतो. सिममध्ये दोन्हींचं नेहमीचं कारण एकच: हवा कमी पडली. पॅक चालू राहिले, एपीयूचा (शेपटीतल्या छोट्या इंजिनाचा) ब्लीड, म्हणजे त्यातून हवा देणारा व्हॉल्व्ह, उघडला नाही, किंवा एन२ १२-१५वर असतानाच घाईने लिव्हर उचलली. लिव्हर कटऑफ करा, स्टार्टर थोडा वेळ तसाच फिरू द्या म्हणजे आतलं इंधन बाहेर जाईल, मग नव्याने.

उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल एकदम ढकलू नका. जेटी८डी आयडलवरून वर यायला वेळ घेतं, आणि दोन्ही इंजिनं सारख्या गतीने येतातच असं नाही. आधी ईपीआर १.४च्या आसपास आणून दोन्ही सुया स्थिर होऊ द्या, मग बगपर्यंत न्या, आणि ६० ते ८० नॉट्सपर्यंत हे काम संपवा. ८० नॉट्सला दोन्ही बाजूंचे वेग जुळतात का पाहा. तुमच्या थ्रॉटलच्या हार्डवेअरचं कॅलिब्रेशन कच्चं असेल तर लिव्हर सरळ रेषेत असूनही ईपीआर वेगवेगळे येतील. तेव्हा सुया जुळवा, लिव्हर नाही.

उकाड्यात काय होतं ते बघायचं असेल तर औरंगाबादच्या (आजचं छत्रपती संभाजीनगर) चिकलठाण्यावर एप्रिलची दुपार लावा, तापमान ४०, भरलेलं विमान. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंची आणि ती हवा, दोन्ही मिळून कमाल थ्रस्ट खाली येतो आणि व्हीआर गाठायला धावपट्टी जास्त लागते. २६ एप्रिल १९९३ला इथूनच मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ७३७-२०० उशिरा उचललं गेलं, धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं आणि ५५ जण मरण पावले. व्हीआरचा बग पांढऱ्या प्लास्टिकचा छोटा तुकडा आहे, पण सुई त्यावर आली की नाक उचलायला सुरुवात झालीच पाहिजे.

डोक्यावरचं पॅनेल

इथे सुया कमी आणि स्विच जास्त, म्हणून भराभर सांगतो. विजेचे आकडे नॉब फिरवून बघायचे: एसी ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झ, डीसी २४ ते ३० व्होल्ट. जनरेटर आपोआप बसवर येत नाही, स्विच हातानेच मारावा लागतो. इंजिन सुरू झालं तरी दिवे एपीयूवरच जळत असतील तर कारण हेच. हायड्रॉलिकचा दाब ३,००० पीएसआय. ७३७-२००मध्ये ए सिस्टिमचे दोन्ही पंप इंजिनांवर आणि बी सिस्टिमचे दोन्ही विजेवर चालतात, म्हणून इंजिनं बंद असताना ए शून्यावर असणं बरोबरच आहे.

इंधनाच्या तबकड्यांवर आकडे किलोत आहेत की पौंडात ते आधी तपासा. सिमच्या मेनूत एक एकक आणि पॅनेलवर दुसरं, असं सर्रास असतं. दोन्ही इंजिनांचा फ्लो मिळवून वेळेशी गुणलेला आकडा आणि टाक्यांतून कमी झालेला आकडा दर अर्ध्या तासाला ताडून बघा. क्रूझला हे विमान तासाला साधारण अडीच टन पितं.

केबिनच्या दाबाकडे दुर्लक्ष झालं तर शिक्षा उशिरा मिळते. जायची उंची आणि उतरायच्या विमानतळाची उंची, दोन्ही खिडक्यांत हाताने लावा. एकाच तबकडीवर केबिनची उंची आणि आतबाहेरच्या दाबातला फरक असे दोन आकडे येतात. फरकाची मर्यादा साडेसात पीएसआयच्या आसपास. विमान वर जातंय, फरक वाढत नाही आणि केबिनची उंची विमानाबरोबर पळतेय, तर ब्लीड किंवा पॅक बंद राहिले आहेत. केबिन १०,००० फुटांवर गेलं की भोंगा वाजतो. जमिनीवर हाच भोंगा ‘फ्लॅप, ट्रिम किंवा स्पीडब्रेक चुकलाय’ म्हणून वाजतो. हवेत तो वाजला तर त्याचा अर्थ एकच, आणि पहिलं काम ऑक्सिजन मास्क.

पिवळे दिवे

ग्लेअरशील्डवर मास्टर कॉशनचा दिवा लागला की शेजारच्या सहा नावांच्या छोट्या पट्टीवर कोणतं नाव पेटलंय ते बघा, मग डोक्यावर त्याच विभागात जा. दिवा विझवण्याआधी नाव वाचायचं. पट्टी दाबून धरली तर सगळी नावं एकदा पेटतात, म्हणजे बल्ब चांगले आहेत का ते कळतं.

फ्लॅपच्या तबकडीत डावी आणि उजवी अशा दोन सुया एकीवर एक असतात. त्या कात्रीसारख्या उघडल्या तर एका बाजूचा फ्लॅप अडकला आहे, लिव्हर पुढे नेऊ नका. पुढच्या कडेचे फ्लॅप पूर्ण बाहेर आले की हिरवा दिवा, वाटेत असताना पिवळा.

सराव कसा करावा

मुंबई ते औरंगाबाद साधारण १५० सागरी मैल आहे, सरावाला पुरेसं. पहिल्या फेरीत ऑटोपायलट लावू नका. ५,००० फुटांवर २१० नॉट्स, फ्लॅप आत, सरळ उड्डाण धरा आणि पिच, ईपीआर, एन१ आणि फ्युएल फ्लो लिहून घ्या. मग २५० नॉट्सला तेच. मग गिअर खाली, फ्लॅप ३० आणि ग्लाइडस्लोपवर तेच. वजनही शेजारी लिहा. हा तुमच्या मॉडेलचा तक्ता झाला. वेगाची सुई गेली तर याच्यावर विमान धरता येतं, आणि ईपीआर फुगला तर कुठला एन१ अपेक्षित होता तेही इथेच सापडतं.

ऑटोपायलट वापरायला लागलात की एक लक्षात असू द्या: एसपी-७७ या जुन्या ऑटोपायलटमध्ये ठरवलेली उंची आपोआप पकडली जात नाही. उंची जवळ आल्याचा दिवा आणि आवाज येतो, विमान आडवं करून अल्टिट्यूड होल्ड तुम्हीच लावायचा. नव्या विमानातून आलेले पहिल्याच दिवशी इथे हजारेक फूट वर निघून जातात.

तक्ता झाला की सिमच्या फेल्युअर मेनूत जा आणि एका वेळी एकच बिघाड लावा: आधी कॅप्टनची पिटो, मग कॅप्टनचा व्हर्टिकल जायरो, मग एका बाजूचं स्टॅटिक. सुरुवातीला बिघाडाची वेळ स्वतः ठरवा, कारण लक्षणं शांतपणे बघता येतात. नंतर ती सिमला अर्ध्या तासाच्या खिडकीत कुठेही ठरवू द्या. जायरोचा बिघाड रात्री, समुद्रावर, धावपट्टी २७वरून उड्डाण झाल्यावर लगेच येईल असा लावून बघा. प्रत्येक वेळी वहीत तीन रकाने भरा: सर्वांत आधी कोणती सुई खटकली, कोणत्या सुईने ते पक्कं केलं, आणि मध्ये किती सेकंद गेले. पहिल्या रकान्यात दर वेळी तीच एक सुई येत असेल तर तुमची नजर पॅनेलवर फिरत नाही, एकाच जागी खिळलेली आहे. पुढच्या फेरीला त्या तबकडीवर कागदाचा तुकडा चिकटवून उडा.